हातात वाजलं पाहिजे

आवाज तसा लहानच झाला. भाजलेल्या काजूवर लाकडी ठोकणी बसावी आणि टरफल तडकावं, तेवढाच. ऑपरेशन थिएटरात त्याहून मोठे आवाज उठता-बसता होतात. किडनी ट्रे फरशीवर पडून गरगरतो, सक्शनचं मशीन दमेकऱ्यासारखं घुरघुरतं, सदू वॉर्डबॉय उकळत्या पाण्याच्या पेटीचं झाकण असं आपटतो की जणू त्या पेटीशी त्याचं मागच्या जन्मीचं काही राहिलं आहे. त्यामुळे त्या लहानशा आवाजाकडे कुणी मान वळवली नाही. मालन पाष्टेला मात्र तो ऐकू आला, आणि कानांना नव्हे, दातांना. दात शिवशिवले. मग तिने बघितलं. तिच्या पुढे उभ्या असलेल्या शिकाऊ तुळसाचा उजवा हात हत्यारांच्या ट्रॉलीच्या कडेवर पडला होता आणि रबरी मोज्याच्या आत तिची दोन बोटं जायला नको त्या बाजूला गेली होती. तुळसा ओरडली नाही. मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे मोठे झाले, वर्गात अचानक नाव पुकारल्यावर व्हायचे तसे. "सिस्टर! आर्टरी!" डॉ. परुळेकर खेकसले आणि त्यांचा रिकामा पंजा टेबलावर पसरला. त्यांची नजर जखमी धाकूच्या उघड्या पोटातून हलली नव्हती. तेव्हा मालनने काय केलं, तर कोपराने तुळसाला बाजूला सारलं, वाटेतलं स्टूल सारावं तसं, आणि त्या पंज्यात आर्टरी, रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा, दिली. ठप्प. वाजली. छान वाजली.

ते वाजणं हे तिचंच शिकवणं. रत्नागिरीच्या त्या इस्पितळात ती सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंगच्या पोरींची मास्तरीण. वर्गात हाडांची नावं घोकून घ्यायची, वॉर्डात माणूस न हलवता त्याच्याखालची चादर कशी बदलायची ते दाखवायचं, आणि थिएटरात, शेवटच्या वर्षाच्या पोरीच्या मागे, तिच्या उजव्या कोपराशी, स्वतःही हात धुऊन गाऊन-मोजे चढवून उभं राहायचं. पोर चुकली की आपला हात पुढे. थिएटराआधी महिनाभर ती पोरींना वर्गातच तयार करायची. एकीने डोळे मिटून पंजा पसरायचा, दुसरीने त्यात गंजकी कात्री अशी द्यायची की टाळी वाजली पाहिजे. "सर्जनची नजर जखमेत असते, गो. त्याच्या हाताला कळलं पाहिजे, आलं म्हणून. तुम्ही प्रसाद ठेवल्यासारखं ठेवलंत तर तो चाचपडत बसेल आणि माणूस वरती जाईल. वाजलं पाहिजे. हातात वाजलं पाहिजे." वाजलं नाही तर मालनच्या हातातला लांब चिमटा पोरीच्या बोटांच्या पेरांवर वाजायचा. पोरी तिला पाठीमागे ठप्पबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. जगात कशाच्या तरी नावाने ओळखलं जाणं बरं. तिच्या स्वतःच्या तर्जनीचं मधलं पेर वाकडं होतं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शिकताना तिथल्या सिस्टरने कात्रीच्या दांड्याने ते वाकडं केलं होतं. नवी बॅच आली की मालन ते बोट सगळ्यांपुढे धरायची. "हे बघा. त्यानंतर मी एकदाही चुकले नाही." पोरी बोटाकडे बघायच्या, मग आपापल्या बोटांकडे.

आणि तुळसा चुकणारी नव्हती, हेच तर. लांज्याच्या आतल्या एका वाडीतून आलेली, हाडापेराने मजबूत. वर्गात सगळ्यांत मोठी टाळी तिचीच वाजायची, चिमा नावाची तिची जोडीदारीण तर हात चोळत म्हणायची, "बाई, ही मला कात्री देते की सूड घेते?" थिएटरातही तिने बरीच ऑपरेशनं नीट काढली होती. मग त्या दुपारी धाकूला आणलं. आंब्याचे दिवस. गडग्यावरचं, दोघांच्या मधल्या दगडी बांधावरचं, एक हापूसचं झाड नक्की कुणाचं यावरून थोरल्या भावाने, केरूने, त्याच्यावर कोयता चालवला होता. एक घाव खांद्यावर, एक पोटावर. जीपमधून उतरवला तेव्हा त्याच्या अंगाखाली आंब्याच्या पेटीतलं गवत होतं, रक्ताने भिजून काळं झालेलं, आणि थिएटरभर रक्ताबरोबर पिकल्या आंब्याचा वास सुटला. रक्ताचा वास मालनला रोजचा होता, आंब्याचाही, पण एकमेकांत मिसळलेले नव्हेत. पोटावरचा घाव पुरेना, आत कुठून वाहतंय ते दिसेना, म्हणून तो वाढवायला डॉक्टरांनी सुरी मागितली. त्यांच्या डाव्या हातात रिट्रॅक्टर होता, पोटाच्या कडा ओढून धरायचा तो जड पोलादी आकडा. उजवा पंजा पसरलेला. तुळसाने सुरी उचलली, अगदी बरोबर उचलली, हात पंज्यापर्यंत नेला. आणि मग तिने ती पंज्यात दिलीच नाही. पंज्याशेजारी हिरव्या कापडावर हलकेच ठेवली. डॉक्टरांनी न बघता मूठ आवळली ती पात्यावर. मोजा फाटला, बोट फाटलं, आणि डाव्या हातातला आकडा वर गेला आणि तुळसाच्या बोटांवर खाली आला. इतकंच. सांगायला जेवढा वेळ लागला तेवढाही लागला नाही.

धाकू वाचला. डॉक्टरांनी मोजा बदलला, कापलेल्या बोटावर पट्टी गुंडाळली आणि आतडं असं शिवलं की बघत राहावं. परुळेकरांचे हात म्हणजे हातच होते. मालनने एवढ्या वर्षांत तसे दुसरे पाहिले नव्हते. तिला त्या हातांचा अभिमान होता, जसा एखादीला नवऱ्याच्या गाण्याचा असतो, गाणं तिच्यासाठी नसलं तरी. संध्याकाळी त्याच हातांनी त्यांनी तुळसाला प्लास्टर घातलं. भिजलेल्या पट्ट्या अंगठ्याने एकेक गुळगुळीत करत ते विचारत होते, "दुखतंय का गं? जरा सोस हं. झालं, झालं." त्यांचा आवाज खरोखरच मऊ होता. मालनला ते जास्त भयंकर वाटलं. मारताना चेहरा वाकडा होतो, तो कळतो. हा चेहरा कळेना. ते निघून गेल्यावर तिने तुळसाला विचारलं, आणि विचारतानाही तिचा आवाज मास्तरणीचाच निघाला. "काय झालं होतं तुला? हातात का नाही दिलीस?" तुळसा प्लास्टरकडे बघत म्हणाली, "आमच्यात कोयता हातात देत नाहीत, बाई. भुईवर ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. हातोहात दिला की वैर येतं. वर्गातली कात्री मला कधी कोयता वाटली नाही. पण त्या माणसाच्या पोटावर कोयत्याचं दिसलं आणि... हात गेलाच नाही." मग थोडं थांबून, "तुमच्यात देतात?"

मालन लांज्याकडचीच. तिच्यातही देत नसत. आई कोयती भुईवर ठेवायची, "उचल" म्हणायची आणि मालन उचलायची. हे ती साफ विसरली होती. विसरली म्हणणंही खरं नाही. तिच्या बोटांतून ते कात्रीच्या दांड्याने काढून घेतलं गेलं होतं. उरलेली संध्याकाळ ती क्वार्टरच्या पडवीत बसून होती आणि तिला आईचे हात दिसत होते. आई काजू फोडायची. काजूच्या टरफलात तेल असतं, ते लागेल तिथे कातडं जळतं. आईचे तळवे कायम काळे, सोललेले, बोटांचे ठसे पुसून गेलेले. पुढे कसल्याशा कागदावर अंगठा घ्यायची वेळ आली तेव्हा कागदावर नुसता काळा डाग उमटला होता, रेघ एकही नाही. मालन लहानपणी फोडलेल्या काजूकडे हात न्यायची आणि आई हातातली ठोकणी तिच्या मनगटावर मारायची. जोरात. "हात घालतंस? घालतंस हात?" मालन रडायची, आणि रडताना तिला पक्कं कळायचं की आई आपले हात वाचवते आहे. पुढे मालनचे हात गोरे, गुळगुळीत राहिले, सुईत दोरा ओवणारे, शीर शोधणारे. मारलं म्हणून राहिले. हा हिशेब तिने कधी मांडला नव्हता, पण तो तिच्या सगळ्या अंगात बसलेला होता. मार म्हणजे जपणं. चिमटा पोरींच्या पेरांवर पडायचा तेव्हा तिच्या मनात राग नसायचा. खरंच नसायचा? तिने पडवीतल्या संधिप्रकाशात आपलं वाकडं बोट बघितलं. एखाद्या दिवशी, सकाळपासून डोकं ठणकत असताना, एखादी पोर मठ्ठासारखी उभी राहायची तेव्हा चिमटा जरा जास्त उंचावरून यायचा की. तो जास्तीचा उंचपणा कुणाला जपत होता?

पडवीत येण्याआधी मेट्रन खानोलकरबाईंनी तिला ऑफिसात बोलावून घेतलं होतं. त्या वाईट बाई नव्हत्या. समोर ठेवलेला चहा निवत होता आणि त्या तो पीत नव्हत्या, म्हणजे त्यांनाही ते बोलायचं नव्हतं. "बापाला कळवलंय. येईल. ऑटोक्लेव्हच्या दारात हात सापडला म्हणून सांग."

"दारात, मॅडम?"

"मग काय सांगणार आहेस? परुळेकर बदली मागून गेले तर या जिल्ह्यात पोट कोण उघडणार? तू? त्या धाकूला विचार जा, त्याला डॉक्टर हवाय की न्याय." मग खाली बघत त्या म्हणाल्या, "आणि मालन, चौकशी लागली तर पोरी आधी कुणाचं नाव घेतील? मारतं कोण इथे? वर्षभर?" मालनने होकारार्थी मान हलवली, आणि ती मान हलवणंसुद्धा तिला वाजल्यासारखं वाटलं.

तुळसाचा बाप आला तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या लांज्याच्या गाडीने. भागोजी मांडवकर. जन्म मुंबईत गिरणीच्या सांच्यावर, म्हणजे मागावर, गेला. मग गिरण्या बंद पडल्या, संप काही सुटेना, तेव्हा इतरांसारखा गावी येऊन बसला होता आणि विसरलेला कोयता पुन्हा कमरेच्या आकडीला लटकवू लागला होता. फाटकावर सदूने त्याला हटकलं. "काका, तो कोयता बाहेर ठेवा. इस्पितळ आहे हे." भागोजी म्हणाला, "तुज्या डाक्टराकडं हायत तेवडी हत्यारं माज्याकडं नायत, बाबा," आणि तसाच आत आला. सदूने मग त्याला चहा आणून दिला. बाह्यरुग्णांच्या व्हरांड्यात बाकावर भागोजी बसला, पायाशी फणसाचं गाठोडं, शेजारी तुळसा, हात गळ्यात बांधलेला. मालन आली तेव्हा तो उठून उभा राहिला.

"रामराम, बाय. पोरीचा हात कशात गावला म्हनं?"

"ऑटोक्लेव्ह असतो... वाफेची मोठी पेटी. हत्यारं उकडायची. तिच्या दारात." मालनने हे तुळसाकडे न बघता सांगितलं. तरी तुळसा बघते आहे हे तिला गालाला कळलं, चुलीसमोर बसल्यावर कळतं तसं.

"दारात." भागोजीने तो शब्द तोंडात घोळवला. "मंग पोर येंधळी म्हनायची."

"नाही हो, येंधळी नाही. हुशार आहे."

"हुशाराचा हात दारात गावतो? कुनी मारलान-बिरलान असतान, तर मी एक शब्द बोललो नसतो. शिकवनाऱ्यानं मारायचं असतं. मला गिरनीत मुकादमानं, जॉबरानं, कानाखाली जाळ काडलान, तवा कुटं मला सांचा समाजला. पन हिला कुनी मारलान नाय, काय नाय, आनि उभ्या उभ्या दारात हात घातलान. उद्या कुनाच्या पोटात हात घालील आनि तितंच इसरंल." व्हरांड्यातली दोन-तीन माणसं हसली. भागोजी हसला नाही. "नेतो मी. दुपारच्या गाडीनं. लांज्याला काजूवर बायका घेतायत."

"प्लास्टर आहे हो हाताला."

"पिलास्टर काय मरेपर्यंत ऱ्हातो?"

काजूवर. मालनला एकदम तो वास आला, जळक्या तेलाचा, घशात बसणारा. समोर तुळसाचा डावा हात मांडीवर पडला होता. मोठा, स्वच्छ, नखं कापलेला हात; शेवटचं वर्ष, काही महिने राहिले होते. आणि त्या हातावरून एक काळी साय पसरत जाताना तिला दिसली, कोपरापर्यंत. मोडलेली बोटं भरून येतील. ही साय उतरत नाही. "जरा थांबा," ती म्हणाली, "गाडीला अवकाश आहे. मी थिएटरातून येते." तुळसा तेव्हा पहिल्यांदा बोलली. "बाई, आज माझ्या जागी कोण?" मालन म्हणाली, "मी."

हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर केलेलं, वर माणूस जागा. पडद्यापलीकडून भुलीच्या डॉक्टरांना सांगत होता की आपल्या मेहुण्याने असंच ऑपरेशन मिरजेत केलं पण तिथे टाके वाईट. मालनने नळाखाली हात धरले. ब्रशने नखं, बोटं, मनगट, कोपर. ती जोरात घासत होती, इतकं की वाकड्या पेराजवळचं कातडं लाल झालं. मग गाऊन. मग मोजे. मग टेबलाची डावी बाजू, जिथे तुळसा उभी असायची. तिच्या मागे आज कुणी नव्हतं. कोपराशी ती मोकळी जागा तिला थंड लागत होती. "नाइफ," परुळेकर म्हणाले आणि पंजा पसरला. त्यांच्या तर्जनीवर, मोज्याच्या आत, पट्टीचा उंचवटा दिसत होता. मालनने सुरी उचलली आणि त्या क्षणी तिला सगळं दिसलं. दिसलं म्हणजे घडलंच. सुरी दांड्याने नव्हे, टोकाने त्या पंज्यात गेली, दोन हाडांमधून, टेबलाच्या कापडापर्यंत, आणि पंजा खिळल्यासारखा तिथेच राहिला, पाच बोटं खेकड्याच्या पायांसारखी आत वळली. रक्त धाकूसारखं भळाभळा आलं नाही, हळूच आलं, वाटीत तूप सोडल्यासारखं. तिला त्याचं सुख वाटलं. खरोखरचं, जेवल्यावर वाटतं तसं सुख. आणि पंज्याच्या मागून चेहरा वर आला तो परुळेकरांचा नव्हता. मुंबईच्या सिस्टरचा होता, मग आईचा, मग तिच्या खोलीतल्या आरशातला. तेवढ्यात ठप्प. वाजलं. हात आपोआप गेला होता. दांडा पंज्यात, पातं खाली, बरोबर अंतरावर. "गुड," परुळेकर म्हणाले, कधी नाही ते, आणि चामडीवर सरळ लाल रेघ उमटली.

पुढचं सगळं ऑपरेशन तिचे हात एकटेच करत होते. ती त्यांच्याजवळ उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. किती गुणी हात. मारून गुणी केलेले हात. कुणाची दोन बोटं समोर मोडली तरी पुढचं हत्यार वेळेवर देणारे. आदल्या दिवशी धाकूच्या पोटातून रक्त जात होतं, तिने आर्टरी दिली नसती तर धाकू गेला असता. हे खरं होतं आणि कुणीही ते खोडून काढलं नसतं. तरी तुळसाला सारलेलं ते कोपर तिला अजून दुखत होतं, आतल्या बाजूने. नंतर तरी तिने काय केलं होतं? नंतर वेळ होता. पोट शिवून झालं, माणूस वॉर्डात गेला, संध्याकाळ झाली, आणि मग तिने पोरीला विचारलं की हातात का नाही दिलीस.

बाहेर वॉशबेसिनपाशी परुळेकर मोजे काढत होते. ती जवळ जाऊन म्हणाली, "सर, तुळसाच्या बापाला मी खरं सांगणार आहे."

"काय खरं?" त्यांनी आरशातूनच विचारलं.

"तुम्ही मारलंत ते."

ते वळले. रागावले नव्हते, दमलेले होते. "सिस्टर, बोट माझं कापलं. पेशंटचं पोट उघडं होतं. त्या क्षणी..." त्यांनी पुढचं पाण्यात सोडून दिलं. मग म्हणाले, "तुम्ही मारत नाही पोरींना?"

"मारते."

"मग?"

नळ ठिबकत होता. ती म्हणाली, "मग मला तेही सांगायला लागेल," आणि टोपी काढायची राहिली तशीच, गाऊनवर रक्ताचे शिंतोडे तसेच, व्हरांड्याकडे चालू लागली. वाटेत पुरुषांच्या वॉर्डाच्या दारातून धाकूचा आवाज आला. तो पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारत होता, "झाड उतरवलान काय रे केरूनं? माजं झाड?" कालपर्यंत मरणाच्या दारात असलेला माणूस.

भागोजी गाठोडं उचलून उभाच होता. तुळसाने आपली पत्र्याची पेटी डाव्या हातात घेतली होती. मालनचा अवतार बघून बाकावरची माणसं जरा सरकली. ती दोघांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि धाप लागल्यासारखी म्हणाली, "दारात सापडला नाही तिचा हात. मी खोटं सांगितलं. मारलं तिला. मोठ्या डॉक्टरांनी. लोखंडाने."

भागोजीच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही. मग, कमाल म्हणजे, तो सैल झाला. त्याने गाठोडं खाली ठेवलं. "मारलान? मंग तसं सांगायचंव, बाय. मी उगा पोरीला येंधळी म्हटलं. शिकवताना मारलान ना?"

तो वाट करून देत होता. अगदी सरळ, रुंद वाट. मालनने नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पोर राहिली असती, परुळेकर राहिले असते, मेट्रनचा चहा निवला नसता, आणि बाप हसत दुपारच्या गाडीत बसून घरी गेला असता की माझ्या पोरीला मोठा डॉक्टर शिकवतो. एक शब्द. तो तिच्या जिभेवर आलासुद्धा. तेवढ्यात तिने तुळसाकडे बघितलं. तुळसा तिच्या तोंडाकडे बघत होती, वर्गात बघायची तशीच, वहीत उतरवून घ्यायच्या तयारीत. आता बाई जे म्हणतील ते ही शिकणार. आणि एक दिवस कुठल्या तरी थिएटरात, कुठल्या तरी पोरीच्या मागे उभी राहून, हीच आपली वाकडी बोटं वर धरणार.

"नाही," मालन म्हणाली. "शिकवताना नाही. रागात. तिचा हात मोडला तो शिकवण्यासाठी नाही मोडला."

भागोजीने विचारलं, "तुमी हुतांव तितं?"

"होते. तिच्या मागेच."

"मंग तुमी काय केलांव?"

"मी पुढचं हत्यार दिलं," मालन म्हणाली. "आणि शिकवताना मारते ती मी. तेही शिकवताना असतं की काय, मला आता ठाऊक नाही."

भागोजीचा हात कमरेकडे गेला. तो मुद्दाम गेला नसावा. माणूस चक्कर आल्यावर भिंत धरतो तसा गेला. कोयता आकडीतून निघाला तेव्हा लोखंडावर लोखंड घासल्याचा लहानसा आवाज झाला, आणि मालनचे दात पुन्हा शिवशिवले. बाकावरची एक बाई पोराला उचलून लांब गेली. सदू फाटकावरून धावत येत होता आणि जवळ आल्यावर धावायचा थांबला. "कुटं हाय त्यो?" भागोजी म्हणाला, मोठ्याने नाही. मालनला वाटलं, हा माझ्यावर घाव घालील, आणि मग तिला वाटलं, घालू दे; आणि या दुसऱ्या वाटण्यात जी हुशारी होती, सगळं एका घावात फिटवून टाकण्याची, ती तिची तिलाच कळली आणि तिला स्वतःची लाज वाटली. ती पुढे झाली. तिने आपला पंजा पसरून त्याच्यासमोर धरला, आयुष्यभर दुसऱ्यांचा बघितला होता तसा. "द्या इकडे," ती म्हणाली.

भागोजी त्या पंज्याकडे बघत राहिला. वाकड्या पेराच्या बोटाकडे. "आबा," तुळसा म्हणाली. एवढंच. मग तो वाकला. गुडघे कुरकुरले. त्याने कोयता मालनच्या हातात दिला नाही. फरशीवर, तिच्या पावलांपुढे, पातं आपल्याकडे करून हलकेच ठेवला, आणि दोन पावलं मागे सरकला.

"डाक्टर कुटल्या खोलीत बसतो ता मला आज सांगू नका, बाय," तो म्हणाला. मग पोरीकडे न बघता, "ऱ्हातंस काय गो हितं?"

तुळसाने पत्र्याची पेटी खाली ठेवली. "ऱ्हातंय," ती बापाला म्हणाली. मग मालनकडे वळली, आणि तिची भाषा वर्गातली झाली. "पण सुरी मी खालीच ठेवणार, बाई. त्यांनी बघून उचलायची."

मालनचा पंजा अजून तसाच पसरलेला होता, रिकामा. तिने तो मिटला. मग ती वाकली आणि फरशीवरून कोयता उचलला. काहीच वाजलं नाही.